वाट माथ्यावर, पाणी पायथ्याशी : साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्यांवर पायी फिरताना

इंग्लंडच्या दक्षिण भागात, विंचेस्टर शहरापासून समुद्रकाठच्या ईस्टबोर्नपर्यंत, खडूच्या टेकड्यांची एक लांबलचक धार पसरलेली आहे. तिला साउथ डाउन्स म्हणतात. ‘डाउन’ हा शब्द ऐकून उतार डोळ्यांपुढे येतो, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ टेकडी असाच होता. या धारेच्या माथ्यावरून जाणारी साउथ डाउन्स वे ही वाट सुमारे १६० किलोमीटर लांब असून १९७२ साली ती अधिकृतपणे खुली झाली. पुढे २०१० साली हा सगळा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. लंडनहून रेल्वेने तासा-दीड तासात येथे पोहोचता येत असल्यामुळे तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे काही महिने मुक्कामाला गेलेल्या मराठी माणसाला एका दिवसाची पायपीट करण्यासाठी याहून सोयीची जागा सहसा सापडत नाही.

सह्याद्रीत फिरलेला माणूस या टेकड्यांची उंची ऐकून हसतो. या वाटेवरची सर्वांत उंच टेकडी, बट्सर हिल, जेमतेम २७० मीटर आहे. म्हणजे पुण्याच्या पर्वतीवर समाधान मानणाऱ्यालाही ती झेपावी. येथे रॉकपॅच नाही, दोर नाही, कारवीच्या रानात वाट हरवण्याची धास्ती नाही. तरीही पहिल्या खेपेला अनुभवी ट्रेकरही येथे दमतात, उपाशी राहतात किंवा शेवटची गाडी चुकवतात, आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते. त्यांनी टेकडीची उंची पाहिलेली असते, पण तिचा खडक पाहिलेला नसतो.

हा खडक म्हणजे अक्षरशः खडू. काही कोटी वर्षांपूर्वी येथे उबदार समुद्र होता आणि त्यातील सूक्ष्म शैवालांची चुनखडीची कवचे तळाशी साचत गेली. त्याच थराची ही टेकडी झाली. दख्खनच्या बेसाल्टचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहू लागला, त्याच्याही आधी हा खडू समुद्रतळाशी साचलेला होता. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक पाण्याचा आहे. बेसाल्टच्या कातळावर पाणी साचते, म्हणून आपल्या गडांवर टाकी खोदता आली. खडू मात्र पाणी पिऊन टाकतो. पाऊस पडला की तो टेकडीच्या पोटात मुरतो आणि थेट पायथ्याशी, जेथे खडूखाली चिकणमातीचा थर लागतो, तेथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. साहजिकच माणसांनी गावे वसवली ती या झऱ्यांच्या रांगेत, उत्तरेकडील तीव्र उताराच्या पायथ्याशी. माथ्यावर मेंढ्या, वारा आणि वाट. खाली चर्च, पब, दुकान आणि नळ. वाट गावावरून जाते असे नकाशावर दिसते, पण प्रत्यक्षात ती गावाच्या दीडशे मीटर वरून जात असते. गावात चहा प्यायला उतरलो की तेवढेच पुन्हा चढावे लागते, आणि असे दिवसातून तीनदा झाले तर छोट्या टेकड्यांवरही गडाएवढी चढाई होते.

म्हणून मार्ग आखताना पहिला नियम असा की, दिवसभरात गावात एकदाच उतरायचे, आणि तेही जेथे नदी टेकडी कापून गेली आहे अशा ठिकाणी. मीऑन, अरुन, अडूर, ऊझ आणि ककमीअर या नद्यांनी ही धार ठिकठिकाणी छेदली आहे. तेथे वाट स्वतःच खाली येते, त्यामुळे उतरणे वाया जात नाही. अरुन नदीजवळचे अँबरली आणि ऊझजवळचे साउथईज ही स्थानके जवळजवळ वाटेवरच आहेत, हा आणखी एक फायदा. बाकीच्या ठिकाणी शिदोरी वरच खावी. दशम्या, धपाटे किंवा तिखटामिठाच्या पुऱ्या वाऱ्यात गार झाल्या तरी चांगल्या लागतात, ब्रेडच्या सँडविचचे तसे नाही. माणशी दोन लिटर पाणी सोबत घ्यावे. माथ्यावर मध्येच गोल, उथळ तळी दिसतात; त्यांना ड्यू पॉण्ड, म्हणजे दवाची तळी, म्हणतात. नाव गोड असले तरी ती मेंढ्यांसाठी तळाशी चिकणमाती थापून मुद्दाम बांधलेली आहेत आणि त्यांत मुख्यतः पावसाचेच पाणी असते. ते पिऊ नये.

नकाशाच्या बाबतीत इंग्लंड चालणाऱ्यांचे लाड करते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतील, नारिंगी वेष्टनाचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा; त्यात प्रत्येक शेताचे कुंपणही दाखवलेले असते. ब्रायटन परिसरासाठी त्याचा क्रमांक ओएल ११ आणि सेव्हन सिस्टर्स या सात पांढऱ्या कड्यांच्या किनाऱ्यासाठी ओएल २५ आहे. हिरव्या तुटक रेघा म्हणजे लोकांना चालण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या वाटा. आखूड तुकड्यांची रेघ केवळ पायी चालणाऱ्यांसाठी, तर लांब तुकड्यांची रेघ ब्रायडलवेसाठी, म्हणजे जेथे घोडेस्वार आणि सायकलस्वारही येऊ शकतात अशा वाटेसाठी असते. जमिनीवर हाच फरक खांबावरच्या बाणांच्या रंगांतून कळतो. पिवळा बाण पायवाटेचा आणि निळा ब्रायडलवेचा. साउथ डाउन्स वेसारख्या राष्ट्रीय वाटेवर त्यासोबत ओकच्या फळाचे, एकॉर्नचे चिन्ह असते. फोनवरचे ॲप चालते, परंतु खोलगट दऱ्यांत सिग्नल जातो, थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. कागदी नकाशा पिशवीत असावाच.

या हक्काच्या वाटांविषयी आपल्याकडच्या माणसाला एक संकोच वाटतो, तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. वाट पुष्कळदा शेताच्या बांधावरून न जाता उभ्या पिकातून सरळ जाते. गहू गुडघ्याएवढा आलेला असतो आणि त्यामधून एक अरुंद पट्टा समोरच्या फाटकाकडे गेलेला दिसतो. आपल्याला लहानपणापासून पिकात पाय घालू नये असे शिकवलेले असते, म्हणून आपण कडेने वळसा घालतो. येथे तो वळसाच चुकीचा ठरतो, कारण आपला हक्क त्या आखलेल्या पट्ट्यावर असतो, बाजूच्या जमिनीवर नसतो. एकामागे एक होऊन सरळ जावे. फाटक जसे सापडले तसे सोडावे. बंद असेल तर मागे बंद करावे, आणि शेतकऱ्याने जनावरांना पाण्यावर जाता यावे म्हणून ते उघडे बांधून ठेवले असेल तर ते तसेच राहू द्यावे. नकाशावर फिकट पिवळ्या रंगाने दाखवलेल्या मोकळ्या जमिनीवर मात्र २००० सालच्या कायद्यानुसार वाट सोडूनही पायी फिरता येते. तंबू ठोकण्याचा हक्क यात येत नाही. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय येथे उघड्यावर मुक्काम करता येत नाही.

जनावरांपैकी मेंढ्यांची काळजी नाही. गाईंची आहे, विशेषतः वासरे सोबत असताना. आपल्याकडची गाय ओळखीची आणि माणसाळलेली असते, त्यामुळे आपण बेफिकीरपणे तिच्या पाठीवर थाप मारायला जातो. ही मोकळ्या रानात चरणारी, जड अंगाची जनावरे असतात. गाय आणि तिचे वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये, कळप वाटेवर बसला असेल तर शांतपणे मोठा वळसा घ्यावा, आणि सोबत कुत्रा असून गाई त्याच्या अंगावर आल्या तर त्याची साखळी सोडून द्यावी. तो पळून स्वतःला वाचवतो. उंच गवतातून चालल्यावर घरी आल्यावर पाय, काखा आणि कंबरेजवळ गोचीड चिकटली आहे का ते पाहावे, कारण तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो.

आता पायांविषयी. कोरडा खडू चालायला उत्तम आहे; कडक, किंचित लवचीक, आणि शेकडो वर्षे मेंढ्यांनी कुरतडलेल्या आखूड गवताची गादी त्यावर पसरलेली असते. तोच खडू ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. आपल्याकडच्या घसाऱ्यावर दगड पायाखालून सरकतात, पण त्यांची निदान चाहूल लागते. ओल्या खडूवर पाय घसरला आहे हे आपण खाली बसल्यावरच कळते. नोव्हेंबरमधील एका दुपारी डिचलिंग बीकन या टेकडीच्या उताराने मी साध्या धावण्याच्या बुटांत झपझप उतरत होतो आणि वीस-एक फूट बसल्या बसल्या गेलो. पँटवर उमटलेला पांढरा पट्टा पाहून रेल्वेच्या डब्यातले सगळे मला पाहून न पाहिल्यासारखे करत होते. तीव्र उतार चढण्याउतरण्यासाठी ससेक्स परगण्यात तिरप्या कापलेल्या जुन्या वाटा आहेत. त्यांना तेथे बॉस्टल म्हणतात. पाऊस पडून गेला असेल तर सरळ उतरणाऱ्या पायवाटेऐवजी बॉस्टल निवडावी. खोल नक्षीचे तळ असलेले बूट आणि एक काठी एवढे पुरते. खडूमध्ये चकमकीच्या दगडाचे, फ्लिंटचे, काळपट गोळे असतात. ते फुटले की काचेसारखी धार येते, म्हणून पातळ तळाच्या चपला आणि सँडल टाळावेत. गावांत उतरल्यावर हाच दगड पुन्हा भेटतो, कारण चर्चपासून गोठ्यापर्यंत बहुतेक भिंती त्याच्याच आहेत. भिंतीजवळ जाऊन पाहिल्यास पुष्कळदा गोळा अर्धा फोडून काळा, चकचकीत पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला लावलेला दिसतो.

सावली नाही, ही आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात ऊन वरून लागते आणि पांढऱ्या वाटेवरून परावर्तित होऊन खालूनही लागते. टोपी आणि सनस्क्रीन हवेच. वारा बहुधा नैऋत्येकडून येतो. म्हणून सगळी वाट सलग आठ-नऊ दिवसांत चालायची असेल तर विंचेस्टरहून निघून ईस्टबोर्नला संपवावी. वारा पाठीशी राहतो आणि समुद्र शेवटी येतो. दिवसाच्या लांबीचाही विचार करावा लागतो. जूनमध्ये सोळा तासांहून अधिक उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये चार वाजता अंधारते. वेळेचा अंदाज घेताना ताशी पाच किलोमीटर धरावेत आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा मोजावा. विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला हा ठोकताळा अजूनही कामाला येतो, मात्र त्यात जेवण, फोटो आणि लहान मुले धरलेली नाहीत.

पबविषयी थोडक्यात : टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नये, काउंटरवर जाऊन मागवावे, चिखलाचे बूट आत चालतील का ते आधी विचारावे, आणि स्वयंपाकघर दुपारी बंद होते हे ध्यानात ठेवावे. एका रविवारी आम्ही सहाजण साडेतीन वाजता एका गावात उतरलो तेव्हा आम्हाला मिळाली ती फक्त वेफर्सची पाकिटे. शाकाहारी माणसाला भाजलेला बटाटा किंवा चीज, ब्रेड आणि आंबटगोड लोणच्याचा प्लाउमन्स लंच बहुतेक ठिकाणी मिळतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सीफर्ड ते ईस्टबोर्न ही किनाऱ्याची वाट करावी. अंतर सुमारे २२ किलोमीटर आणि एकूण चढाई ५०० ते ६०० मीटर. वरच्या हिशेबाने साडेपाच तास होतात. प्रत्यक्षात सात धरावेत. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून लुइसला येऊन तेथे सीफर्डची गाडी पकडावी. समुद्रावर पोहोचले की डावीकडे वळायचे, एवढीच दिशा. सीफर्ड हेडचा चढ संपताच पलीकडे ककमीअर नदीचे मुख आणि त्यामागे सात पांढरे कडे एका ओळीत दिसतात. बहुतेक लोक येथेच एक चूक करतात. कडे समोर दिसत असल्यामुळे नदी मुखाशी ओलांडता येईल असे वाटते आणि ते थेट पाण्याकडे निघतात. मुखाशी पूल नाही. नदीच्या काठाने आत एक्सीटपर्यंत जाऊन रस्त्याच्या पुलावरून पलीकडे जावे लागते, आणि दुसऱ्या काठाने पुन्हा समुद्राकडे यावे लागते. हे अंतर चिडचिड करून घेण्यासारखे नाही, कारण नदीची नागमोडी वळणे याच भागात आहेत, आणि एक्सीटला पाणी, स्वच्छतागृह व ब्रायटन-ईस्टबोर्न मार्गावरची १२ क्रमांकाची बस आहे. अर्ध्यावर थांबायचे असेल तर येथेच थांबावे.

पुढे सेव्हन सिस्टर्स. सात माथे, आणि त्यांच्यामध्ये जुन्या कोरड्या दऱ्या, ज्यांना समुद्राने मध्येच कापले आहे. सर्वांत उंच माथा हेव्हन ब्राउ, तोही ७७ मीटरच. पण तो पहिलाच येतो आणि त्यानंतर सहा वेळा उतरून चढायचे असते. चढ लहान आहेत, तरी पाचव्यानंतर मोजदाद चुकू लागते. कड्यापासून निदान पाच-सहा मीटर आत चालावे, आणि फोटोसाठी कड्यावर बसू नये, मग तेथे कितीही लोक बसलेले दिसोत. समुद्र पायथा पोखरतो, पावसाचे पाणी भेगांत शिरते, आणि वरचे गवत मात्र हिरवेगार आणि सपाट राहते. ते खालून पोकळ झाले आहे हे वरून कळत नाही. या कड्यांचा पांढरा रंग टिकतो तोच मुळी ते सतत ढासळत असल्यामुळे. बर्लिंग गॅप येथे जिन्याने समुद्रावर उतरता येते. उतरण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी आणि कड्याच्या अगदी खाली पथारी पसरू नये. त्यानंतर दिसणारा बेल टू हा जुना दीपस्तंभ, कडा जवळ येऊ लागल्याने १९९९ साली संपूर्ण इमारत उचलून १७ मीटर मागे सरकवण्यात आला. शेवटी बीची हेड, ब्रिटनमधील सर्वांत उंच खडूचा सागरी कडा, १६२ मीटर. त्याच्या पायाशी पाण्यात उभा असलेला लाल-पांढरा दीपस्तंभ ४३ मीटर उंच असूनही वरून खेळण्यासारखा दिसतो. येथून ईस्टबोर्नचा पहिला रस्ता लवकर लागतो, पण स्थानक शहराच्या मध्यभागी आहे. गाडीची वेळ गाठताना हा शेवटचा पाऊण तास विसरला जातो.

गावाची हौस असेल तर सीफर्डऐवजी अल्फ्रिस्टनहून निघावे आणि नदीकाठाने एक्सीटला यावे. अल्फ्रिस्टनचे चौदाव्या शतकातील क्लर्जी हाउस ही जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली पहिली वास्तू. १८९६ साली दहा पौंडांना. तिची जमीन पाहण्यासाठी तरी आत जावे. कुटलेला खडू पसरून त्यावर आंबट ताकासारखे नासलेले दूध शिंपून ती घट्ट केलेली आहे, आणि शेणाने सारवलेली जमीन पाहिलेल्या माणसाला त्यामागचे डोके लगेच कळते.

दुसरी वाट मी मराठी पाहुण्यांना आवर्जून सुचवतो : हॅसक्स स्थानक ते लुइस, सुमारे १५ किलोमीटर, आणि मध्ये छत्री या स्मारकासाठी आडवाट. हॅसक्सहून दक्षिणेला क्लेटन गावातून वर चढले की जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या लागतात. पांढरी लाकडी जिल १८२१ सालची असून ती आधी ब्रायटनमध्ये होती आणि १८५२ मध्ये येथे आणली गेली; काळा जॅक १८६६ चा. येथून माथ्यावर आले की डावीकडे डिचलिंग बीकनची वाट जाते. आपण आधी दक्षिणेकडे, ब्रायटनच्या दिशेने उतरणारा ब्रायडलवे धरायचा. साधारण पाऊण तासात, मेंढ्यांच्या कुरणात, कोणत्याही रस्त्यापासून दूर, आठ खांबांवर तोललेला पांढऱ्या संगमरवराचा घुमट दिसू लागतो.

पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांवर ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये आणि शहरातील इतर इमारतींत उपचार होत असत. त्यांपैकी जे वाचले नाहीत अशा ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना या टेकडीवर अग्नी देण्यात आला, आणि त्यांच्या अस्थी समुद्रात सोडण्यात आल्या. ज्या ओट्यांवर चिता रचल्या त्या जागी ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत, आणि त्यांच्या वरच्या अंगाला छत्री. तिचा आराखडा मुंबईचे वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स यांनी केला; १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. तेथे तिकीट नाही, दुकान नाही, नळ नाही. बूट काढून पायऱ्यांवर बसावे, पाणी प्यावे. वारा असेल तर घुमटाच्या आडोशाला शिदोरी सोडण्याचा मोह होतो. त्यापेक्षा खालच्या उतारावर कुंपणाबाहेर जावे.

परत माथ्यावर येऊन पूर्वेकडे वळले की २४८ मीटरचा डिचलिंग बीकन लागतो. उत्तरेला सपाट मैदानात पायथ्याची गावे ओळीने मांडलेली दिसतात आणि झऱ्यांच्या रांगेविषयी वर जे सांगितले ते येथे डोळ्यांनी पाहता येते. मेच्या सुमारास डोक्यावर चंडोल गात असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गवतात फिकट निळी फुलपाखरे दिसतात. सुट्टीच्या दिवशी वाहनतळावर आइस्क्रीमची गाडी उभी असते. पण तिच्या भरवशावर पाणी कमी आणू नये. ब्लॅककॅपच्या झाडांपाशी साउथ डाउन्स वे सोडून लुइसकडे जाणारी वाट धरावी. ज्या उतारावरून आपण शहरात शिरतो तेथेच १२६४ साली सायमन द माँटफोर्टने राजा तिसऱ्या हेन्रीचा पराभव केला होता. लुइसमध्ये शिरल्यावर मुख्य रस्त्यावरून स्थानकाकडे उतरणाऱ्या अरुंद बोळांना तेथे ट्विटन म्हणतात. दोन्ही बाजूंना फ्लिंटच्या भिंती आणि मधे एकच माणूस मावेल एवढी जागा. कोणताही ट्विटन उतारालाच जातो आणि स्थानक सर्वांत खाली आहे, त्यामुळे येथे नकाशा पिशवीत ठेवता येतो. बुटांवरचा खडू मात्र गाडी येण्यापूर्वी फलाटाच्या टोकाला झटकून घ्यावा आणि घरी गेल्यागेल्या पाण्याने धुवावा, कारण तो एकदा वाळला की चामड्याच्या शिवणीत बसतो आणि पुढच्या खेपेपर्यंत निघत नाही.